कनकांबरी ताव

संक्रांत आठ दिवसांवर आली होती आणि होसकोटेच्या तळ्यावरून उठलेलं धुकं जुन्या मद्रास रस्त्यावर असं काही बसलं होतं, की ट्रकवाले दिवे लावूनही हॉर्नच्याच भरवशावर पुढं सरकत होते. खंडोजीनं शटर अर्धं वर ढकललं, वाकून आत शिरला आणि आधी भट्टीत हात घातला. राख गार, कोळसा दमट. जळून दगड झालेले खडे त्यानं वेचून टोपलीत टाकले, रॉकेलची चिंधी पेटवली, ब्लोअरचं बटण दाबलं. भट्टी आधी म्हाताऱ्यासारखी खोकली, मग घसा मोकळा झाल्यागत लाल झाली.

"स्वल्प बाजूला हो रे," तो उमाजीला म्हणाला.

उमाजी एका टेम्पोचा पाटा जमिनीवर उताणा पाडून त्याच्या मधला बोल्ट ठोकत होता. साठीला टेकलेला गडी, गालात पान, कानाला मफलर. तीस वर्षं या दुकानात घण मारत होता आणि दिवसाला तीस शब्द बोलला तरी त्याला दम लागायचा. तो गुमान सरकला.

पाटा म्हणजे गाडीच्या ॲक्सलला धरून असलेली पोलादी पट्ट्यांची चळत. सगळ्यात लांब पट्टी वर, खाली उतरत्या मापाच्या, आणि सगळ्या धनुष्यासारख्या वाकवलेल्या. त्या बाकाला कमान म्हणायचं. कमान बसली की गाडी बसली. बसलेल्या कमानी भट्टीत तापवून पुन्हा उठवायच्या, हेच खंडोजीचं आयुष्यभराचं काम. घराणं तीनचारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर घोड्यांचे नाल ठोकत या कानडी मुलखात आलेलं. भावकीतले बाकीचे केव्हाच बँकेत, विम्यात, सचिवालयात जाऊन खुर्चीवर बसले. हा एकटा ऐरणीपाशी राहिला. लग्नाकार्यात एखादा चुलतभाऊ पोटाला रुमाल बांधून जेवता जेवता विचारायचा, "खंडू, अजून ठोकतोस का रे?"

"ठोकतो की," खंडोजी म्हणायचा. "तुमी बसता त्या बसचे पाटे मग कोण ठोकणार? मॅनेजर?"

सध्या त्रेसष्टाव्या वर्षी त्याच्याकडं एक नवी चैन आली होती. महिन्यामागं उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डावा या शुक्रवारी काढायचा होता. नवा डोळा उघडला त्या दिवसापासून खंडोजी लहान पोरासारखा झाला होता. आंब्याच्या झाडाला पानं एकेक असतात, समोरच्या भिंतीवरचा रंग पांढरा आहे, पिवळा नव्हे, उमाजीच्या नाकावर तीळ आहे, हे सगळं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. डॉक्टरनं तीन आठवडे भट्टीपुढं बसू नको म्हणून बजावलं होतं. हा सतराव्या दिवशी दुकानात हजर.

आणि आल्या आल्या जे पहिलं तापवायचं काम घेतलं, ते आसावरीच्या जीपचं.

ती जीप दहा दिवसांपूर्वी आली तेव्हा उमाजीसुद्धा घण खाली ठेवून बघत राहिला होता. पाच इंच उचललेली, टायर छातीला लागतील एवढे, आणि मागून उजवीकडं कललेली, लंगड्या बैलासारखी. आत चढायला शिडी लागावी अशा उंचीवरून एक बारकीशी बाई टुणकन खाली उतरली. डाव्या बाजूनं दाराला धरून, पाय चाचपत, एक आडव्या अंगाचा गृहस्थ उतरला.

"सार, गाडी कधीपासून कलते?" खंडोजीनं गृहस्थाला विचारलं.

"मला विचारा काका, गाडी माझी आहे," बाई म्हणाली. "मी आसावरी. माझ्या बाबांची जीप आहे ही, नागपूरहून आणली. चालवते मीच. हा निहार, माझा नवरा. हा बाजूला बसून ओरडते."

"ॲक्चुअली मी ओरडत नाही," निहार म्हणाला. तो पुण्याचा होता. दोघंही मारतहळ्ळीला राहायचे आणि एकाच कंपनीच्या दोन मजल्यांवर काम करायचे. "मी फीडबॅक देतो."

खंडोजी गाडीखाली शिरला आणि खालूनच हसायला लागला. मागचे पाटे परदेशातून मागवलेले, नवेकोरे, चकचकीत. वर आणखी उंची हवी म्हणून पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातलेले.

"अक्का," तो बाहेर येऊन म्हणाला, "हे पाटे डावीकडं बसणाऱ्या ड्रायव्हरचे. त्यांच्याकडं ड्रायव्हर डावीकडं, म्हणून त्यांनी डावा पाटा तगडा केला. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, तुमच्या गाडीची टाकीपण त्याच्याच बुडाखाली. मग उजवीकडं गाडी बसेल नाहीतर काय? आन हे ठोकळे. ठोकळ्यावर गाडी उंच करणं म्हणजे पोरानं डब्यावर डबा ठेवून फळीवरचा लाडू काढणं. मिळेल लाडू. पण कधीतरी डबा सरकेल."

"मी तुला म्हटलं होतं," निहार म्हणाला.

"तू रंग काळा घे म्हटलं होतं," आसावरी म्हणाली.

खंडोजीची एक रीत होती. बापाकडून आलेली. मापाची पट्टी हातात घेण्याआधी गाडीत जी माणसं रोज बसतात ती त्यांच्या जागी बसवायची. ट्रक असेल तर ट्रक भरून आणायला लावायचा. गाडीच्या कागदावरचं वजन त्याला मंजूर नव्हतं. "कागद कुठं बसतो गाडीत? तुमी बसता," असं तो म्हणायचा. त्यानं आसावरीला स्टिअरिंगमागं बसवलं, निहारला डावीकडं. मग जमिनीपासून मागच्या पत्र्यापर्यंत वीत आणि बोटं लावून मोजलं, दोन्ही बाजूंनी. उजव्या पाट्याला एक बोट कमान जास्त द्यायची, हा त्याचा नेहमीचा हिशेब. पण इथं ड्रायव्हर पोपटाएवढी आणि बाजूचा गडी पिंपाएवढा.

"इथं अर्धंच बोट जास्त," तो उमाजीला म्हणाला. "सार टाकीशी बरोबरी करतायत."

आसावरी एवढी हसली की हॉर्न वाजला.

मग त्यानं ठोकळे काढून फेकले, नवी पट्टी आणून दोन्ही पाटे बनवले, भट्टीत ताव दिला, तेलात बुडवले, उंची सगळी कमानीत आणली. गाडी उंच केली की इंजिनाकडून मागं येणारा दांडा तिरका पडतो आणि थरथरतो. म्हणून ॲक्सलखाली एक पाचर घालून त्याचं तोंड वर केलं. जीप एखाद्या हरणीसारखी सरळ उभी राहिली. खंडोजीनं नव्या डोळ्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्यानंतर आजपर्यंत दुकानात किरकोळच कामं आली, बुश बदल, बोल्ट बदल, तयार पट्टी टाक. तावाचं काम म्हणून तेच एक.

आणि आज, या धुक्यात, तीच जीप रस्ता सोडून दुकानापुढं वळली. खंडोजीनं ती वळतानाच पाहिली आणि त्याच्या हातातली सांडशी हातातच राहिली. मागून गाडी बसली होती. नुसती बसली नव्हती, एखादी बाई पदर सावरत पायरीवर टेकावी तशी पार टेकली होती.

आसावरी उतरली. भांडायला आलेली दिसत नव्हती; त्याचंच खंडोजीला जास्त वाईट वाटलं.

"काका, रविवारी चिखलात गेलो होतो. तिथं ठीक होती. काल ऑफिसच्या पार्किंगमध्ये बघितलं तर अशी. माझंच काही चुकलं का बाप्पा? जास्त उडवली का?"

"उडवायलाच केली होती ना गाडी," खंडोजी म्हणाला. "ठेवून जा अक्का. बघतो."

अडतीस वर्षांत त्याच्या हातचा पाटा तुटून आला होता, दोनदा. ओव्हरलोड. पण बसून कधी आला नव्हता. पाटा तुटला तर लोक रस्त्याला शिव्या देतात. बसला तर लोहाराला.

ती रिक्षानं गेली. खंडोजीनं जीप लोखंडी घोड्यांवर चढवली, उजवा पाटा उतरवला, सगळ्यात लांब पट्टी कोपऱ्यातल्या व्हाइसमध्ये आवळली आणि कानस मारली. नीट पाणी पाजलेल्या पोलादावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. ही रुतली. किसणीवर खोबरं निघावं तसा भुगा पडला.

"मऊ," तो म्हणाला.

दुसरी पट्टी. मऊ. डावा पाटा. मऊ.

त्यानं तेलाला दोष दिला. तेल जुनं झालं असेल. नवं तेल पिंपात ओतलं. कोळशाला दोष दिला. नवं पोतं फोडलं. पट्टीच्या दुकानदाराला फोन लावून तीन पिढ्यांचा उद्धार केला. मग एक हातभर तुकडा भट्टीत घातला, ताव आला तसा काढला, उमाजीनं घण घातला, तेलात सोडला. थंड झाल्यावर कानस. रुतली.

खंडोजी ऐरणीजवळच्या पाटावर बसला. उमाजीनं पान थुंकलं, परत आला, घणाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. एवढं त्याला कधी बोलायचं नसायचं.

"अण्णा," तो म्हणाला, "तुमी लवकर काढता."

"काय?"

"भट्टीतनं. लवकर. घणाला लोखंड कडक लागतं. त्या दिवशीपण लागलं."

"मग त्या दिवशी का बोलला नाहीस?"

उमाजीला हा प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "तीस वर्षांत मी कधी बोललो?" तो म्हणाला.

खंडोजीचं तोंड उतरलं. तावाची पारख म्हणजे त्याचा सगळा जीव होता. दुकानात थर्मामीटर नव्हता, भिंतीवर तक्ता नव्हता. पट्टी भट्टीत घातली की ती आधी काळपट लाल होते, मग बापानं सांगून ठेवलेल्या रंगाला येते: वाळवलेल्या ब्याडगी मिरचीचा. त्या मिरचीवर काढायची आणि तेलात टाकायची. पुढचं काम, पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढण्याचं, सोपं, तिथं लाकडाची काठी घासली की ठिणग्या सांगतात. पण मिरची डोळ्यालाच दिसायला लागते. ती जर आता दिसत नसेल, तर हे दुकान म्हणजे नुसतं जुन्या लोखंडाचं गोदाम. उमाजी कुठं जाईल? आणि आपण? चुलतभावांच्या पंगतीत बसून पोटाला रुमाल बांधायचा?

दोनच्या सुमाराला अनुसूया डबा घेऊन आली. मागच्याच गल्लीत घर. नाचणीच्या उकडीचे गोळे म्हणजे मुद्दे, पातळ आमटीसारखं सारू, आणि कंबरेच्या पिशवीत डोळ्याच्या थेंबांची बाटली. जेवणाचा पत्ता नाही, नवरा पाटावर बसलेला, हे पाहून तिनं उमाजीकडं भुवया उडवल्या. उमाजीचे आजचे शब्द संपले होते. त्यानं जीपकडं बोट केलं.

"बसली?" तिनं विचारलं.

"बसली," खंडोजी म्हणाला. "माझा ताव गेला, अनुसूया."

"ताव गेला तर गेला, थेंब चुकायचे नाहीत. मान वर."

"जा गं."

"मान वर म्हणते ना. साकु, नखरे पुरे."

त्यानं मान वर केली. तिनं नव्या डोळ्यात दोन थेंब सोडले आणि रोजच्यासारखं बजावलं, "मिटून ठेवा. पाच मिनिटं. उघडलात तर परत घालीन."

उजवा डोळा मिटून, डाव्या जुन्या डोळ्यानं समोर बघत खंडोजी बसून राहिला. समोर भट्टी. सकाळच्या पट्टीचा उरलेला तुकडा उमाजीनं तसाच निखाऱ्यात ठेवला होता. खंडोजीला तो दिसला: काळपट, निस्तेज, मिरची व्हायला अजून बराच अवकाश असलेला.

"उमाजी, ब्लोअर बंद केलास काय रे?"

"नाही."

"मग एवढा गार का तो?" आणि सवयीनं त्यानं दुसरा डोळा उघडला.

तुकडा लखलखला.

"मिटा म्हटलं ना!" अनुसूया ओरडली.

त्यानं मिटला. तुकडा विझला. उघडला, पेटला. मिटला, विझला. अनुसूयेला वाटलं थेंब झोंबतायत. उमाजीला वाटलं नवऱ्याबायकोचं काही चाललंय, तो तोंड फिरवून उभा राहिला.

"अगं, ही साडी कुठल्या रंगाची तुझी?" खंडोजीनं एकदम विचारलं.

"काय झालं तुमाला?"

"सांग की."

"जांभळी."

"मला वाटायचं राखेच्या रंगाची. चार वर्षं वाटत होतं!"

"चार वर्षं?" अनुसूया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दर पाडव्याला छान दिसतेस म्हणत होतात ते कुठल्या रंगाला?"

पण खंडोजी उठून भट्टीपाशी गेला होता. एक डोळा उघडून, एक मिटून, मान इकडून तिकडं करत कोंबड्यासारखा विस्तवाकडं बघत होता. मोतीबिंदू काय एका दिवसात आला होता? वर्षानुवर्षं डोळ्यावर पिवळट काच चढत गेली आणि तो त्या काचेतूनच मिरची ओळखत राहिला. काच जाड होत गेली तशी त्याची मिरचीही हळूहळू सरकत गेली, हाताला कळलं, मनाला कळलं नाही. आता काच काढली तर सगळंच लवकर मिरची दिसायला लागलं. लोखंड अर्धवट तापलेलं, तेलात कडक न होणारं, आणि हा नव्या डोळ्यानं म्हणतोय, आलं, काढा.

तो हसायला लागला. त्यानं उमाजीच्या पाठीत एक ठेवून दिली. मग थांबला.

"शुक्रवारी डावा काढणार," तो म्हणाला.

"हो मग."

"मग जुना रंग सांगणारा कुणीच उरणार नाही."

पाटे जुन्या डोळ्यानं बनवता आले असते, आजच. पण शनिवारपासून काय? खंडोजी म्हणाला, ऑपरेशन पुढं ढकलू, दोन महिने. अनुसूयेनं डब्याचं झाकण आपटलं.

"दिवाळीपासून वाट बघून तारीख मिळाली. गेल्या पावसाळ्यात गटारात पडलात ते कुठल्या डोळ्यानं? के. आर. पुरमला उलट्या बसमध्ये चढलात ते? ढकलायचं असेल तर ही भट्टी ढकला."

"ताव गेला तर मी बसून काय करू, सांग ना."

"आज मंगळवार," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत दोन्ही डोळे तुमच्याचकडं आहेत. थोरल्याला धाकट्याला शिकवू दे. आपल्या घरात तसंच चालतं."

खंडोजीनं बायकोकडं दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. मग आसावरीला फोन लावला. "अक्का, गाडी शुक्रवारी सकाळी. चूक माझी. पोलादाची न्हाई, तुमची तर न्हाईच न्हाई."

बुधवारी सकाळपासून शाळा भरली. एक हातभर पट्टी भट्टीत. खंडोजीनं उजवा डोळा हातानं झाकायचा, डाव्यानं मिरची येईपर्यंत बघत राहायचं. आली की हात काढून डावा झाकायचा आणि तोच तुकडा उजव्यानं बघायचा. मग तेलात, मग कानस. कानस घसरली की तो रंग खरा. पण त्या रंगाला म्हणायचं काय? नव्या डोळ्याचं जग इतकं भडक होतं, की खंडोजीकडं त्याला नावंच नव्हती.

"केशरी," तो म्हणाला.

"कुठलं केशरी?" भट्टीपासून लांब खुर्ची टाकून बसलेली अनुसूया म्हणाली. दुकानात बसायची तिला कधी सवय नव्हती, पण आज ती हटली नव्हती. "केशरी सतरा असतात. संत्र्याचं? झेंडूचं? शिऱ्याचं?"

"झेंडू न्हाई. झेंडू पुढं गेला. त्याच्या आधीचा."

"गाजर?"

"गाजर मेलेलं असतं गं. हा जिवंत आहे."

तिनं केसांतला गजरा चाचपून एक फूल ओढून काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. कनकांबर, म्हणजे अबोली. इकडच्या बायका मल्लिगेत, मोगऱ्यात, एकाआड एक ओवतात ते.

खंडोजीनं डावा डोळा मिटला. फुलाकडं पाहिलं. भट्टीकडं पाहिलं. पुन्हा फुलाकडं.

"काढ!" तो उमाजीला ओरडला. पट्टी तेलात गेली, धूर उठला. कानस काचेवरून गेल्यासारखी सर्रकन घसरली.

त्या दिवशी अनुसूयेचा निम्मा गजरा ऐरणीवर पडला. संध्याकाळपर्यंत ठरलं: कनकांबराआधी कच्चं, कनकांबरावर पक्कं, झेंडू झाला तर पट्टी वाया.

दुपारी निहार येऊन गेला. त्याला घरून काम होतं, म्हणजे कानात एक बोंड आणि तोंडानं कुणाला तरी "येस, येस". त्याच्या हातात एक पिस्तूल होतं. निशाण्यावर धरलं की उष्णता आकड्यात सांगणारं.

"काका, डोळ्यांची गरजच नाही. सिंपल." त्यानं पट्टीवर नेम धरला. पिस्तुलानं दोन आडव्या रेघा दाखवल्या. त्यानं उलटसुलट केलं, डबा वाचला. "ओह. हे साडेपाचशेपर्यंतच आहे."

"आमचं काम त्याच्या पुढं सुरू होतं सार," खंडोजी समजुतीनं म्हणाला. "पण ते घेऊन जाऊ नका. मुद्दे गार झालेत का ते बघायला लागेल."

गुरुवारी खरी परीक्षा. अनुसूयेनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून खंडोजीचा डावा डोळा बांधला, मागं गाठ मारली आणि तीही मारताना जरा जास्तच आवळली. दोन पाट्यांच्या बारा पट्ट्या, एक डोळा आणि तोही महिन्याचा. पहिल्या पट्टीला खंडोजीचा हात दोनदा पुढं गेला आणि दोनदा मागं आला. तो कुजबुजत होता, मुलं पाढे म्हणतात तसा. "कच्चं… कच्चं… आलं… थांब… काढ!"

घण पडला. उमाजीनं मान हलवली. मऊ लागलं होतं, लोण्यात घण पडावा तसं. तेलात. धूर. कानस.

घसरली.

बारा पट्ट्यांत एक झेंडू झाली. खंडोजीनं स्वतःलाच एक अस्सल कानडी शिवी घातली, ती पट्टी बाजूला फेकली, नवी घेतली. चारच्या सुमाराला पाटे जीपखाली गेले. उजवीकडं अर्धं बोट जास्त. पट्टी डोळ्यावरून सोडल्यावर त्यानं दोन पोती वाळू आणि दुकानातली फुटकी ऐरण जीपच्या मागच्या बाजूला चढवली, कलत्या उन्हात खांबावर मागच्या पत्र्याच्या उंचीला खडूनं रेघ मारली. दोन्ही बाजूंना एकेक. "राहू दे अशीच सकाळपर्यंत," तो म्हणाला. "मऊ असेल तर बसून दाखवेल."

शुक्रवारी नऊला दवाखान्यात पोचायचं होतं. सातला खंडोजी दुकानात होता. धुतलेला सदरा, कपाळाला विभूती, मागं पिशवी धरून अनुसूया. आसावरी आणि निहारही आलेले. खंडोजी खांबापाशी उकिडवा बसला. आधी डाव्या डोळ्यानं पाहिलं. त्यात खडूची रेघही नीट दिसेना. मग उजव्यानं.

पत्रा रेघेला टेकून होता. नखाएवढाही खाली नव्हता. दुसरी बाजू, तशीच.

त्यानं रेघेवरून अंगठा फिरवला. मग उमाजीचा आवाज आला. न विचारता.

"बसली नाही, अण्णा."

"चला, मी सोडते तुम्हाला दवाखान्यात," आसावरी म्हणाली. "जीपनंच."

"अय्यो, एवढ्या वर मी चढू?" अनुसूया म्हणाली. पण निहारनं आणि उमाजीनं मिळून तिला उचलल्यासारखंच वर चढवलं. वर बसल्यावर तिनं पदर सारखा केला आणि इकडंतिकडं असं पाहिलं, की जणू होसकोटे तिच्या बापाचं आहे. खंडोजी मागं बसला. पहिल्या खड्ड्यात त्यानं डोळे मिटले. पाटा दबला, उठला, दुसऱ्यांदा उठला नाही. एकदाच. तसंच पाहिजे.

"काका, कसं वाटून राहिलं?" आसावरीनं आरशातून विचारलं.

"पुढं बघ अक्का," खंडोजी म्हणाला. "सार, फीडबॅक द्या तिला."

रविवारी दुपारी खंडोजी घरच्या ओसरीवर काळा चष्मा लावून बसला होता. डावा डोळा आता दोन दिवसांचं पोर होता. विस्तवाकडं फिरकायचं नाही, या वेळी खरोखरचे तीन आठवडे. दुकानाची किल्ली अनुसूयेच्या कंबरेला. पुढ्यात परातभर अवरेकाई, म्हणजे पावट्याचे दाणे. जानेवारीत या गावात दुसरं काही शिजतच नाही. रात्रभर भिजवलेला एकेक दाणा दोन बोटांत धरायचा, दाबायचा, साल हातात राहते आणि आतला कोवळा गर टपकन भांड्यात पडतो. हे काम तो दरवर्षी टाळायचा.

फोन वाजला. अनुसूयेनं तो त्याच्या कानाशी धरला, हात ओले होते म्हणून.

"काका!" पलीकडून वारा आणि आसावरी एकदमच आली. "सकाळपासून इतक्या वेळा उडवली, इतक्या वेळा! निहारचा चष्मा हरवला. आता सपाटीला लावून मोजली. तुमच्या मापावर आहे."

"उजवी?"

"उजवी."

"डावी? सार बसून का उतरून?"

"बसून. तो उतरायलाच तयार नाही, पाय थरथरून राहिले त्याचे."

"सरी, छान झालं," खंडोजी म्हणाला. "पहिल्या महिन्यात यू-बोल्ट एकदा आवळून घ्या. उमाजी आहे. बोलणार न्हाई तो, पण आवळेल."

अनुसूयेनं फोन बंद करून कमरेला खोचला. खंडोजीनं अंगणातल्या आंब्याकडं एकदा पाहिलं. मग चष्मा थोडा खाली ओढून त्यानं तिच्या साडीकडं निरखून पाहिलं.

"ही कुठली?"

"हिरवी. आयतु का, झालं का सगळं बघून? मग ते दाणे सोला. सारू पाचला चढवायचंय."

त्यानं परात जवळ ओढली आणि पुढचा दाणा बोटांत धरला.